साडेसत्तावीसची ट्यूब

"सव्वीस हाय, अठ्ठावीस हाय. मधात काही नसते," फारूकभाई म्हणाले आणि पुन्हा हातातल्या चाकाचे आरे कसायला लागले.

"मधात असते," मी म्हटलं. "साडेसत्तावीस."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सायकलच्या मापात साडे कुठून आलं बेटा? धान मोजून राह्यली का तू?"

दुकानात टेकलेली माणसं हसली. मला हसणाऱ्या माणसांचा राग येतो. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं असतं ती हसली तर जास्तच येतो, कारण त्यांना उलट बोलता येत नाही. वडशातल्या बाकीच्या सायकलवाल्यांनी मला आधीच वाटेला लावलं होतं. म्हणून मी दात आवळले, सोबत आणलेला टायर काउंटरवर ठेवला आणि त्याच्या कडेवर उठलेले आकडे दाखवले. फारूकभाईंनी अंगठ्याने धूळ पुसली. सत्तावीस पॉइंट पाच, पुढे फुली, पुढे दोन पॉइंट दहा.

"हाय तं खरं," ते म्हणाले. मग त्यांनी टायरमधली ठिगळांनी भरलेली जुनी ट्यूब बाहेर ओढली आणि तिचं तोंड बघून त्यांचाच चेहरा पडला. "आन हे काय हाय? पेन्सिल?"

पेन्सिल नव्हती, हवा भरायचं तोंड होतं. आपल्या साध्या सायकलचं तोंड वेगळं असतं, मोटारसायकलसारखं जाड तोंड वेगळं, आणि हे तिसरंच. बारीक, लांब, टोकाला इवलीशी फिरकी. चाकाच्या रिमला भोकही तेवढंच बारीक, दुसरं तोंड त्यात शिरतच नाही. म्हणजे मला हवी होती ती ट्यूब मापाने साडेसत्तावीसची, रुंद टायरला पुरणारी आणि बारीक तोंडाची. यातली एक गोष्ट चुकली तरी बाकीच्या दोन बरोबर असून उपयोग नव्हता.

सायकल मुळात माझी नव्हतीच. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतले एक साहेब बदली होऊन गेले, त्यांच्या मुलाची ती जुनी गियरवाली, डोंगर-जंगलातल्या वाटांवर चालवायची. आमच्या शाळेचे पीटीचे सहारे सर ती मागून घेऊन आले. कंडक्टरशी भांडून त्यांनी ती एसटीत घातली आणि आरमोरीला उतरवली. सर भांडखोर, मी त्यांच्याहून भांडखोर, म्हणून आमचं जमलं. माझं गाव आरमोरीहून आत, जंगलाला लागून. त्या वाटेवर मी दिवसाउजेडी सायकल हाणायची आणि सर हातात घड्याळ घेऊन पुलावर उभे राहायचे. वाघामुळे ऊन कललं की सराव बंद.

त्या हिवाळ्यात चंद्रपूरला राज्याच्या संघासाठी निवड होती. पहिल्या तिघींना क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिथेच. अठराच्या आतल्या गटातलं माझं ते शेवटचं वर्ष. बारावी झाली होती आणि पुढे काय, याला माझ्या घरात एकच उत्तर होतं.

बाबांनी ते सांगूनही टाकलं होतं. "निवड झाली तं जाय बाई, मी अडवत नाई. नाई झाली तं आमच्यासंग मिरचीले चाल. एकटीले घरी कोनाच्या भरवशावर ठेवू?"

धान निघालं की आमचं अर्धं गाव तेलंगणात मिरची तोडायला जातं. शाळा होती तोवर मी शेजारच्या बुधरीमावशीकडे राहायचे, पण आता ते कारण उरलं नव्हतं. मिरचीला मी लहान असताना एकदाच गेले होते. मिरचीच्या शेतात ताडपत्रीखाली झोपायचं, बोटं जळत असताना त्याच बोटांनी जेवायचं, आणि चुकून डोळा चोळला की दिवसभर आंधळ्यासारखं बसायचं. माझ्या वर्गातल्या ज्या पोरी मिरचीला गेल्या त्या उन्हाळ्यात परत आल्या आणि पावसाच्या आत त्यांची लग्नं झाली. वाईट कोणी कोणाशी वागलं नाही. तिथल्या मुकादमाच्या गाडीतच स्थळं ठरतात, एवढंच. मला ते नको होतं. दुसरं काही नको, तेवढं टळलं पाहिजे, असं मला वाटायचं.

आणि ते सगळं एका ट्यूबवर येऊन अडकलं होतं. सर म्हणायचे, "उर्वशी, काटा तं लागनारच. जंगलात कोनाले सुटला हाय? शर्यतीत कोनी हात लावू शकत नाई, तुले तूच दुरुस्त करा लागते. ठिगळ लावत बसशीन तं सगळ्या निघून जातीन. पन जवळ चांगली ट्यूब असन तं बदलून तू पुन्हा त्यायले पकडशीन." माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांतल्या ट्यूब जुन्याच होत्या, पण हवा धरत होत्या. जास्तीची एकच चांगली हवी होती.

"मी एक करतो," फारूकभाई म्हणाले. "सव्वीसची ताणून बसवू. तोंड जाड हाय तं चाक घेऊन ये, ड्रिल मारून भोक मोठं करून देतो. दहा मिनिटांचं काम."

"भोक मोठं नाई करायचं."

"काऊन?"

"मंग त्यात बारीक तोंड हलते. चाकात सध्या हाय थे ट्यूब मी कुठी घालू? आन रिम सरांनी मागून आनली हाय. माही नाई."

मी जरा जोरातच बोलले असेन. फारूकभाईंनी उचललेलं ड्रिल खाली ठेवलं. आता हा माणूसही मला हाकलणार, असं मला वाटलं. पण ते उठले, टायरच्या कडेचा आणि त्या पेन्सिलीचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "नागपूरले माही निशात राह्यते. तिच्या घरापाशी मोठं दुकान हाय. धाडतो तिले."

निशात ही त्यांची मुलगी. तिने पाठवलेली पहिली ट्यूब मापाने बरोबर होती, पण जाड तोंडाची. दुकानदार म्हणे, हीच खपते. दुसरी आली ती बारीक तोंडाची, पण सडकेवर पळणाऱ्या सायकलची, आतड्यासारखी लांब आणि अरुंद. माझ्या टायरमध्ये ती पसरून पसरून फाटली असती. प्रत्येक वेळी मी आरमोरीहून वडशाला जायचे, पाकीट उघडायचे आणि तोंड पाडून परत यायचे. दुसऱ्या खेपेला मी पाकीट काउंटरवर आपटलं. फारूकभाईंनी मुलीला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी तिला आधी माप, मग रुंदी, मग तोंड असं एकेक सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "दीदी, इस बार मैं टायर का फोटो दिखाके खुद देखके लाऊंगी."

तिसऱ्या खेपेला बरोबर ट्यूब आली. मी पाकीट उघडलं, माप वाचलं, तोंड बघितलं, फिरकी सैल करून पुन्हा घट्ट केली. जाड, नवी, काळीभोर, आणि सगळीकडे पांढरी पावडर फासलेली. "थे पावडर पुसू नको," फारूकभाई म्हणाले. "रबर एकमेकाले चिकटू नये म्हून असते. तशीच घडी करून ठेव. टायम आल्याशिवाय बाहेर काढू नको."

घरी येताना मी ती पोटाशी धरली होती. त्या दिवशी एसटीत कोणाचा धक्का लागला तरी मला राग आला नाही, आणि माझ्यासारखीच्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखंच आहे.

माझी आई, रुखमा, हिला ट्यूब काय असते ते माहीत होतं, पण एवढी धावपळ करून आणलेली वस्तू म्हणजे काहीतरी मौल्यवान, असं तिने ठरवून टाकलं. तिने आपल्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवायला घेतली, सायकलच्या सीटखाली बांधता येईल अशी. मापासाठी ट्यूब मागितली. मी दिली आणि म्हटलं, "पिशवी झाली का तिच्यात ठेवून दे. आन कोनी हात लावायचा नाई."

"नाई लावत वो," ती म्हणाली.

पिशवी चुलीमागच्या खुंटीला टांगलेली मला रोज दिसायची. उंदीर तिथे येत नाहीत म्हणून आईने ती जागा निवडली होती. सराव करताना मी चाकातलीच जुनी ट्यूब काढून पुन्हा घालायचे. चाक काढायचं, टायर सोडवायचा, ट्यूब घालायची, हवा भरायची, चाक लावायचं. सर घड्याळ बघायचे आणि "अजून लवकर" म्हणायचे. शेवटी शेवटी तेही म्हणेनासे झाले. खुंटीवरच्या पिशवीला मी हात लावला नाही. टाइम आल्याशिवाय बाहेर काढायची नव्हती ना.

त्या हिवाळ्यात आईच्या टाचा फार फुटल्या. धानाची रोवणी आणि कापणी केलेल्या पायांना थंडी लागली की त्या दरवर्षीच फुटतात, आणि दरवर्षी ती टोरीचं तेल लावते. टोरी म्हणजे मोहाची बी. उन्हाळ्यात ती स्वतः वेचते, घाण्यावर नेते, आणि थंडीत गोठलेलं ते पिवळं तेल चुलीपाशी पातळ करून टाचांवर जिरवते. त्या वर्षी ती लंगडत होती. शेणाने सारवलेल्या अंगणात रक्ताचे ठिपके पडायचे.

"तेल काऊन नाई लावत?" मी एकदा खेकसले.

"सरलं," ती म्हणाली.

"एवढ्या लवकर?"

"सरलं म्हनलं ना. तू आपली सायकल पाह्य."

मी सायकल बघितली.

निवडीच्या सकाळी चंद्रपूरजवळच्या जंगलाच्या कडेला आम्ही वीसेक पोरी उभ्या होतो. बाकीच्यांच्या सायकली बघून माझा जीव अर्धा झाला. कोणाच्या सायकलला माझ्यासारखी लुगड्याची पिशवी नव्हती. एकीने ती पिशवी बघून दुसरीला खूण केली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने मान फिरवली. चांगलं झालं, कारण सुटताना मी त्याच रागात सुटले.

वाट वाळूची होती, मग मुरमाची, मग एका कोरड्या नाल्यातून वर. अशाच वाटेने मी शाळेत जात आले आहे. दुसऱ्या फेरीत माझ्या पुढे दोघीच होत्या, तिसऱ्या फेरीत एकच. दोरीपलीकडे सर धावत होते आणि ओरडत होते, "बस, अशीच राह्य! अशीच!" मला वसतिगृह दिसत होतं. खरंच सांगते, मला त्या क्षणी लोखंडी पलंग आणि त्यावरची गादी दिसत होती. आधी कधी मी असलं काही डोळ्यासमोर आणलं नव्हतं.

नाल्याच्या वर हिवराचं झुडूप होतं. मागच्या चाकाखाली काटा मोडल्याचं मला कळलं, आणि थोडं पुढे गेल्यावर चाक जमिनीला घासायला लागलं. मी घाबरले नाही. काटा लागणारच होता. मी उतरले, सायकल उलटी केली, चाक काढलं, टायर सोडवला, काटा उपटला, जुनी ट्यूब बाहेर फेकली. हात आपोआप चालत होते. सर दोरीपाशी येऊन उभे राहिले. मागची पोर मला ओलांडून गेली, तरी मी तिसरी होते आणि तिच्या मागची बरीच लांब होती.

मग मी पिशवीची नाडी सोडली आणि वास आला.

तो वास मी जन्मापासून ओळखते. थंडीच्या दिवसांत आमच्या चुलीपाशी तोच असतो. आईच्या पांघरुणाला येतो, तिच्या पायांना येतो. पिशवीत हात घातला तर ट्यूब बोटांतून निसटली. तिच्यावर पांढरी पावडर राहिली नव्हती. ती तुपासारखी चोपडी झाली होती, फुगली होती आणि दाबली तर बोट आत रुतत होतं. आईने तिला तेल लावलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा लावलं होतं, चांगलं चोळून, घडीघडीत. आणि वर चुलीची ऊब होतीच.

मी ती घातली. दुसरं काय करणार? पंप लावला. चार-पाच दाब गेले असतील. तोंडाच्या बुडाशी रबर फुगून आलं आणि तोंड सुटून माझ्या हातात आलं. आख्खं. ती बारीक, लांब, टोकाला फिरकी असलेली पेन्सिल.

"जुनीले ठिगळ लाव!" सर ओरडले. "उर्वशी, जुनी घे!"

जुनी ट्यूब घेतली. पण माझे हात तेलाने माखले होते. जिथे धरली तिथे ती माखली. भोक सापडलं, घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबलं आणि ते सरकलं. वाळूने हात घासले, टी-शर्टला पुसले, पुन्हा लावलं. पुन्हा सरकलं. मोहाचं तेल असं सहज निघत नाही, म्हणून तर ते टाचांना लावतात. एकेक पोर माझ्या बाजूने जात होती. आधी मी मोजत होते, मग सोडून दिलं. सर दोरीच्या पलीकडे उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते, कारण हात लावला तर मी बाद झाले असते. शेवटी मी चाक तसंच बसवलं आणि सायकल ढकलत पळत सुटले. रिम दगडांवर आपटत होती. मी पोचले तेव्हा माणसं दोऱ्या गुंडाळत होती आणि निवडलेल्या तिघींचे फोटो काढून झाले होते.

"काय झालं होतं ट्यूबले?" सरांनी विचारलं.

"खराब निघाली," मी म्हटलं.

एसटीत सर म्हणाले की पुढच्या वर्षी खुल्या गटात बघू, तू सायकल तेवढी नीट ठेव. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की हे त्यांनाही खरं वाटत नाही. मी खिडकीबाहेर बघत होते आणि आईला काय काय बोलायचं ते जुळवत होते. मला बोलता चांगलं येतं. माणसाला लागेल असं नेमकं कुठे बोलायचं तेही येतं. तुला कोणी सांगितलं होतं, तुला कळतं काय त्यातलं, तुझ्या हाताने माझं वाटोळं केलंस. आरमोरी येईपर्यंत माझी तयारी पूर्ण झाली होती. संध्याकाळ झाली म्हणून ती रात्र सरांच्या घरी काढली आणि सकाळी सायकल ढकलत गाव गाठलं. तोवर एक शब्दही मी विसरले नव्हते.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून ती उठायला गेली आणि टाच टेकताच "आई गं" करून पुन्हा खाली बसली. मग आधी पंजावर उभी राहिली आणि तशीच, बोटांवर चालत माझ्याकडे आली. निवड झाली नाही हे फोनवरून तिला कळलं होतं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"काटा लागला म्हने," ती म्हणाली. "ट्यूब कामी आली ना पन? मले घोर होता. पिशवी शिवाले घेतली तं पाह्यतो, तिच्यावर सारा पांढरा भुरा चढला होता. बैलाच्या चामडी पट्ट्याले चढते ना, तसा. म्हनलं आता हे तडकन. नवीन चीज, एवढ्या दुरून आनली पोरीनं. मंग रोज थोडं थोडं टोरीचं तेल चोळलं. सारी बाटली लागली, पन कशी मऊ झाली होती!"

ती माझ्याकडे बघत होती. बैल होते तेव्हा आमच्या घरात त्यांचे पट्टे कधी तडकले नाहीत, याचा तिला केवढा अभिमान होता ते मला ठाऊक आहे. मी खाली बघितलं. तिच्या टाचेच्या भेगेत तांदळाची कणी अडकली होती.

"आली," मी म्हटलं. "कामी आली. मीच मागं पडली."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि तिला बरं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझी निवड झाली नाही याचं दुःख तिला होतंच, पण आपल्याकडून काही कमी पडलं नाही, एवढा आधार तिला मिळाला. मी जुळवून आणलेलं सगळं घशात तसंच राहिलं. ते अजून तिथेच आहे. रागाला जायला जागाच नसली तर त्याचं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचं काहीच होत नाही. तो नुसता पडून राहतो आणि मग माणसाला कशाचीच इच्छा होत नाही.

मुकादमाची गाडी येणार होती त्या सकाळी बाबांनी सायकल ओसरीच्या आढ्याला दोरीने टांगली. भांडी पोत्यात भरून झाली होती. अंथरुणं बांधून झाली होती. मी दारात पोत्यावर बसले होते. तेवढ्यात आई बुधरीमावशीच्या घरून आली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत टोरीचं तेल होतं, गोठलेलं, पिवळं. तिकडे मिरचीत पाय जळतात म्हणून मावशीने आपल्यातलं काढून दिलं होतं.

आईने वाटी विझत्या चुलीच्या राखेवर ठेवली. तेल पातळ झालं तशी फडक्याचा बोळा घेऊन ती सायकलखाली येऊन उभी राहिली आणि मागच्या टायरला तेल लावायला लागली. कडेने बोळा दाबून, आत ट्यूबपर्यंत मुरेल असं.

"आपन येऊ तवर उन्हाळा येईन," ती म्हणाली. "कोरडं पडलं तं तडकन सारं. सर म्हनले ना पुढच्या वर्षी."

मी उठले. एक वाक्य पुरलं असतं. राहू दे, माय, तेलानं रबर खराब होते. पण तिने विचारलं असतं, तुले कसं मालूम? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं.

"पायाले लाव ना थे," मी म्हटलं. "पायाले लाव, माय. माह्या सायकलले नको."

"पाय काय, आपोआप भरून येते," ती म्हणाली. "रबर थोडी भरते?"

बोळा वरपर्यंत पोचेना म्हणून ती चवड्यांवर उंच झाली. टाचेची भेग उघडली आणि पुन्हा रक्त आलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबांनी आवाज दिला.

"उर्वशी, चाक फिरव जरा," आई म्हणाली. "वरची बाजू राह्यली."

मी जवळ गेले आणि तिचा हात पोचेल असं चाक हळूहळू फिरवत राहिले.